चौथ्या टप्प्यातलं दावं

रविवारी सकाळी चौथा टप्पा सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच जागृती मूनला पडद्यावर भलतंच काहीतरी दिसलं. सगळा घोळका पुढे निघून चालला होता. मागे राहिले होते तिची नलूआत्या, ती स्वतः आणि जाम गावचा रोशन.

नाचणगावच्या त्या घरात, पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही जागच्या हलत नव्हत्या. मागचं चाक काढून त्या ट्रेनर नावाच्या यंत्रावर बसवलेल्या होत्या. पॅडल मारलं की यंत्र पायातला जोर मोजतं आणि टीव्हीवरचा आपला छोटा स्वार तेवढ्या वेगानं पळतो. चढ आला की पॅडल जड होतं, उतार आला की हलकं. वर्ध्याचा, सावंगीचा, जामचा माणूस आपापल्या घरात घाम गाळत असतो आणि पडद्यावर सगळे एकाच रस्त्यावर असतात.

"जागू, थे लोक असे काऊन पळून राह्यले?" नलूआत्यानं विचारलं. तिचा श्वास चढला होता.

"माहीत नाई आत्या. दावं सुटलं वाटते."

"आपोआप?"

दावं आपोआप सुटत नाही, हे जागृतीइतकं कुणाला ठाऊक असणार?

या गटाचं नाव 'संगंच', म्हणजे सोबतच. दोन हिवाळ्यांपूर्वी जागृतीनं तो सुरू केला, तो नलूआत्याच्या गुडघ्यासाठी. आत्या आरोग्यसेविका होती. नाचणगावापासून आसपासच्या खेड्यांत लशींचा डबा कॅरियरला बांधून ती सायकलनं फिरली, निवृत्त होईपर्यंत फिरली. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रस्त्यावरची सायकल बंद केली. घरातली चालेल म्हणाले. एकटीनं भिंतीकडे तोंड करून पॅडल मारायला आत्या तयार होईना. "मी का तेलघाण्याचा बैल हावो?" म्हणून तिनं दोन दिवसांत यंत्रावर चादर टाकली. तेव्हा जागृतीनं माणसं गोळा केली.

ॲपमध्ये एक कळ असते. ती चालू केली की कमीजास्त जोराचे सगळे स्वार एकाच घोळक्यात राहतात. ज्याचे पाय दमदार त्यानं हवा तेवढा जोर लावावा, त्याचा व्यायाम होतो, पण घोळका सोडून तो पुढे जात नाही. ज्याचे पाय थकले तो मागे पडत नाही. पहिल्याच वर्षी रोशननं त्या कळीचं नाव ठेवलं, दावं. जनावर खुंट्याला बांधायचा दोर. तेव्हापासून दर टप्प्याआधी फोनवर एकच प्रश्न असायचा, "दावं लावलं का, ताई?" आणि जागृती म्हणायची, "लावलं."

पाच रविवारी पाच टप्पे. आधीचा टप्पा पूर्ण असेल तरच पुढच्यात प्रवेश. पाचही पुरे करणाऱ्याचं नाव त्या वर्षीच्या यादीत लागतं आणि पुढच्या वर्षीचा पहिला रस्ता तो निवडतो. बक्षीस म्हणाल तर एवढंच. पहिल्या वर्षी आत्याचा गुडघा सुजला. दुसऱ्या वर्षी शेवटच्या टप्प्यात ऐन चढावर लाइन गेली आणि पडदा काळा झाला. यंदा आत्यानं संक्रांतीच्या आधीच जाहीर केलं होतं, "औंदा मी पाचही करतो. अन् रस्ता निवडतो तो समुद्राच्या काठचा. पायलाच नाई मी समुद्र."

वेळापत्रक लावणं हे मोठं किचकट काम. सावंगीच्या नर्सांची रात्रपाळी सुटायला हवी, पण त्यांना झोप लागायच्या आत. रोशनच्या भावानं जामच्या हॉटेलाचा गल्ला सांभाळायला यायला हवं. उन्हं वर येण्याआधी आटपायला हवं, कारण रविवारी उशिरा लाइनचा भरवसा नाही. हे सगळं जागृती दर वर्षी जुळवायची. यंदा कॉलेजात परीक्षेचं काम तिच्या गळ्यात पडलं, म्हणून तिनं टप्पे लावण्याचं काम सचिन कडूकडे दिलं. सचिनचा सावंगीच्या रस्त्यावर व्यायामाचा स्टुडिओ. स्वतःहून म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. मी पाहतो." पहिले तीन टप्पे त्यानं पाहिले. चौथ्यात हे.

"तू जाय समोर," आत्या म्हणाली. "तुह्यात दम हाय."

"नाई जात."

"दोघी बाद होऊ म्हणून सांगून राह्यली."

"होऊ दे."

या टप्प्यातल्या चढाला गटातले लोक गिरडचा डोंगर म्हणत. आत्या थांबली नाही. तोंडावरचा घाम पदरानं पुसत, एका पायावर जरा जास्त भार देत ती चढत राहिली. पण पहिला स्वार शेवटच्या रेषेवर पोचला की ठरावीक वेळानं टप्प्याचं फाटक बंद होतं. डोंगराचा माथा दिसत होता आणि पडद्यावर पाटी आली. वेळ संपली. अपूर्ण.

आत्यानं पॅडल थांबवलं. तिनं मान वर करून छतावरच्या दिव्याकडे बघितलं. मग म्हणाली, "लाइन तं हाय ना?"

"हाय."

"मंग यावेळी कोन गेलं?"

जागृतीनं त्याच वेळी गटावर लिहिलं, 'दावं का काढलं? मागचे तीन जण बाद झाले. टप्पा पुन्हा लावा.' सचिनचं उत्तर लगेच आलं. वर हसरा चेहरा, खाली एक ओळ, 'सूचना आधीच दिली होती, ताई.' आणि त्याखाली त्यानं शुक्रवारची सूचना परत चिकटवली होती.

जागृतीनं ती शुक्रवारीही वाचली होती. शेवटचं वाक्य होतं, 'चौथ्या टप्प्यात दावे राहणार नाहीत.'

तिला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. तिसऱ्या टप्प्यानंतर निकालावरून कुरबुर झाली होती. एकाचं यंत्र जोर कमी मोजतं, दुसऱ्याचं जास्त, असे दावे-प्रतिदावे दोन दिवस चालले होते. तेव्हा चौथ्या टप्प्यात असले दावे ऐकून घेणार नाही, एवढाच अर्थ तिनं घेतला, रोशननं घेतला, आत्यालाही वाचून दाखवला होता. आता ते वाक्य तिनं पुन्हा, मोठ्यानं वाचलं. दावं म्हणजे दोर. त्याचंच शुद्ध रूप दावे. दावा म्हणजे तक्रार. त्याचंही अनेकवचन दावे.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर ती थेट सावंगीच्या रस्त्याला लागली. औषधांच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर सचिनचा स्टुडिओ. भिंतभर आरसे, सहा ट्रेनर, समोर भला मोठा पडदा. सचिन यंत्रं पुसत होता.

"या ताई, बसा. काय घेता? चहा का ग्रीन टी?"

"दावं काऊन काढलं, सचिनभाऊ?"

"अरे, क्या है ना ताई, नागपूरची टीम आली होती पाहुणी म्हणून. त्यांना काय सांगू? जोर लावा का नका लावू, पोचणार सगळे संगंच? हासतील ना ते. म्हणतील, ही सायकलिंग आहे का हळदीकुंकू?"

"हसू द्या ना. गटाचं नाव काय हाय?"

"नाव ठीक आहे. पण जरा लेवल वाढवावी लागते. किती दिवस आपण असंच घरगुती करणार?"

"लेवल वाढवायची तं विचारायचं होतं. आत्या बाद झाली. तिचं तिसरं वर्ष हाय हे."

"मी लिहिलं होतं ना. दावे राहणार नाहीत. तुम्ही प्राध्यापक, तुम्हीच नाही वाचलं?"

"मी त्याले तक्रारी समजली."

"ते तुमचं समजणं झालं." सचिन हसला. मग त्याला स्वतःच्याच बोलण्यात गंमत सापडली. "अन् तसं पाहिलं तर ताई, तक्रार पण चालत नाही बरं का. दोन्ही अर्थानं दावे बंद!"

आरशांतून सहा सचिन हसताना दिसले. जागृतीनं चहा घेतला नाही. ती उठली, कारण तोंड उघडलं असतं तर जे बाहेर पडलं असतं ते वर्गात शिकवणाऱ्या बाईला शोभणारं नव्हतं. एखाद्यानं चूक करावी, माणूस आहे. पण चूक निघावी आणि तिलाच आडोसा करून वर विनोद करावा, हे तिच्या घशाखाली उतरेना.

जिन्यात काजल भेटली. सावंगीला नर्स, सचिनच्याच स्टुडिओत सायकल मारणारी, पण गटात जागृतीच्या हातची जुनी.

"मॅडम, आत्याबाईचं लई वाईट वाटलं," ती हळूच म्हणाली. "आम्हाले वाटलं तुम्हाले माहीत असंन."

"तुम्हाले कोणी सांगतलं होतं?"

"शनिवारीच सांगतलं सरनं. म्हणे, उद्या दावं सुटणार हाय, पाय मोकळे ठेवा." काजल एकदम थांबली. "तुम्हाले नोतं सांगतलं?"

म्हणजे ज्यांना सांगायचं त्यांना तोंडानं, वऱ्हाडीत, स्पष्ट सांगितलं होतं. बाकीच्यांना शुद्ध मराठीत.

गटाच्या सूचना शुद्ध करायचं काम वासुदेवरावांचं. वर्ध्याच्या एका दैनिकात त्यांनी उभी हयात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर मुलानं ट्रेनर आणून दिला आणि यंदाच ते गटात आले. चौथ्या टप्प्याच्या रविवारी मात्र ते सायकलवर नव्हते. सूचना कुणीही लिहो, ती आधी वासुदेवरावांकडे जायची आणि काना-मात्रा-वेलांटी दुरुस्त होऊन गटावर यायची. मंगळवारी ते स्वतःच स्कूटर काढून नाचणगावला आले. हेल्मेट काढायच्या आधी म्हणाले, "जागृती, माझ्या हातून घाण झाली."

"बसा तं काका. पाणी घ्या."

"पाणी नंतर. सचिननं मला लिहून पाठवलं होतं, 'दावे राहणार नाही.' नाही. एकवचन. बरोबर होतं त्याचं! दावे म्हणजे दोर, नपुंसकलिंग, एकवचन, राहणार नाही. पण मी 'दावे' पाहिलं आणि हात गेला दाव्यांकडे. निकालाची भांडणं डोक्यात होती. म्हटलं, कर्ता अनेकवचनी, क्रियापद एकवचनी, काय हे लिहिणं! आणि मी 'त' लावला."

नलूआत्या पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होती. तिनं मान वर केली. "एका 'त'साठी मी डोंगरावर राह्यली म्हणता?"

"बोलताना 'दावं' ऐकलं होतं हो मी. पण कागदावरचं 'दावे' म्हणजे कोर्टकचेरी, हीच सवय. आयुष्यभर लोकांची व्याकरणं सुधारली, आणि—"

"काका," जागृतीनं त्यांना मधेच थांबवलं, "तुम्ही सुधारलेलं त्याले दाखवलं होतं का?"

वासुदेवरावांच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा हळूहळू उतरला आणि तिथे दुसरंच काही चढलं.

"दाखवलं होतं. गटावर टाकायच्या आधी. 'एक नंबर, काका,' म्हणाला."

"त्याले माहीत होतं त्याले काय म्हणायचं हाय ते. अर्थ बदलला हे दिसलं नसंन त्याले?"

"दिसलंच असणार. नाहीतर शनिवारी त्याच्या माणसांना वेगळं कशाला सांगितलं?" वासुदेवरावांनी हेल्मेट खुर्चीवर आपटलं. "माझा 'त' वापरला त्यानं! चूक माझी, ती मी मान्य करतो, चारचौघांत करतो. पण माझ्या चुकीवर दुसऱ्यानं आपली पोळी भाजायची?"

"पोळी कायची भाजता," आत्या म्हणाली, "पाणी घ्या अगुदर. रक्त चढंन."

बुधवारी संध्याकाळी सचिनचा फोन आला. काजलनं गटात काही बोलणं केलं असावं, किंवा वासुदेवरावांनी त्याला चार शब्द सुनावले असावेत. जागृतीनं फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, मिटवून टाकू आपण. पाचव्या टप्प्यात मुख्य घोळका मोकळाच राहील, नागपूरवाले येऊन राह्यले. पण आत्याबाईंसाठी मी वेगळा टप्पा लावतो. छोटा. सपाट रस्ता. त्याला स्पेशल दावं. ठीक? ज्येष्ठ नागरिक म्हणून नाव पण टाकू यादीत, खाली."

जागृती काही बोलायच्या आत आत्यानं फोन ओढून घेतला.

"सचिन, नलू बोलतो मी. दावं मायासाठी?"

"हो ना आत्याबाई, तुम्हाला त्रास नको म्हणून—"

"तुह्या घरी जनावर होती का नाई?"

"होती ना. लहानपणी."

"मंग तुले समजाले पायजे होतं बाप्पा. जे बसल्या जागी रवंथ करते त्याले कोनी दावं बांधते का? दावं बांधतेत थे मोकळं सुटलं की लोकायच्या वावरात शिरते त्याले. दावं मायासाठी नोतं. तुह्यासाठी होतं."

आत्यानं फोन तोंडाजवळ धरला.

"अन् यादीत खाली नाव टाकतो म्हनते! मी लस द्याले जाये ना, तवा गावाच्या त्या टोकाले जे शेवटचं घर राहे तिथून सुरू करो. समजलं? ठेव आता."

फोन ठेवल्यावर जागृतीनं ॲप उघडलं. गट तिच्या नावावर होता, मालकी तिची होती. सचिननं लावलेला पाचवा टप्पा समोर दिसत होता आणि त्याच्या कोपऱ्यात लाल खूण. एकदा बोट टेकवलं की टप्पा रद्द. तीन दिवसांचा सगळा संताप त्या बोटात उतरला होता.

"काय करून राह्यली?" आत्यानं विचारलं.

"त्याचा टप्पा काढून टाकतो."

"मंग त्याच्यात अन् तुह्यात काय फरक राह्यला? त्यानं न विचारता सोडलं, तू न विचारता काढशीन. राहू दे त्याचा. तुहा लाव बाजूले. लोकायले पाय हायेत, जातीन जिकडे जायचं तिकडे."

"अन् सगळे तिकडेच गेले तं?"

"तं आपन दोघी जाऊ. रविवारी संगंच होतो ना आपन?"

जागृतीचा राग काही गेला नाही, पण बोट तिनं उचललं. त्याच रविवारी, त्याच वेळेला, तोच रस्ता घेऊन तिनं दुसरा पाचवा टप्पा लावला. प्रवेश सर्वांना. सूचना वासुदेवरावांकडे गेली. ती परत आली तेव्हा जागृती चकित झाली. आयुष्यात ज्यानं बोलीतला अनुस्वार कागदावर टिकू दिला नाही, त्या माणसानं तो तसाच ठेवला होता. 'पाचव्या टप्प्यात दावं राहील. दावं म्हणजे दोर. चौथ्या टप्प्याच्या सूचनेतला "त" माझा होता, त्याबद्दल क्षमस्व. तो वाचूनही गप्प बसणं माझं नव्हतं.' खाली पूर्ण नाव आणि सही.

रविवारी सकाळी आत्यानं नवी साडी काढली. "सायकलवर कोन पाह्यते तुले?" जागृतीनं विचारलं. "समुद्र," आत्या म्हणाली आणि पदर खोचला.

सुरुवातीच्या रेषेवर आधी त्या दोघीच होत्या. मग रोशन आला, त्याच्या फोनमधून भांड्यांचा आवाज येत होता. "ताई, दावं लावलं का?" "लावलं." वासुदेवराव आले. मग थोडा वेळ कोणीच आलं नाही. नंतर काजल आली, तिच्यामागे सावंगीच्या आणखी दोघी, रात्रपाळी करून, जांभया देत. पण सगळे आले नाहीत. दोन वर्षांची जुनी, तिच्या घरी जेवलेली काही नावं सचिनच्या बाजूला दिसत होती. ती नावं जागृतीनं नीट वाचून घेतली. विसरायचं नाही असं ठरवूनच वाचली.

घोळका निघाला. चढ आला तेव्हा काजलनं दात खाऊन जोर लावला, रोशननं शिव्या घातल्या, आत्या आपल्या लयीत चालली, आणि सगळे एकाच वळणावर होते. या वेळी लाइनही गेली नाही. शेवटची रेषा त्यांनी एका ओळीत ओलांडली. आत्या हँडलवर डोकं टेकवून हसत होती, की रडत होती, ते जागृतीनं बघितलं नाही. तिनं मुद्दाम पडद्याकडे बघितलं.

घाम पुसेपर्यंत गटावर सचिनचं आलंच. 'अभिनंदन आत्याबाई! फक्त एक, ॲपच्या मालिकेत हा टप्पा धरला जाणार नाही. तिथे चौथा अपूर्णच दिसतो. यादीत नाव घेता येणार नाही, सॉरी.'

चौथा अपूर्ण दिसत होता, हे खरंच होतं. ॲपला गिरडचा डोंगर दिसत होता, जिन्यातलं बोलणं दिसत नव्हतं.

"काय म्हनते तो?" आत्यानं विचारलं. जागृतीनं वाचून दाखवलं. आत्यानं नाकावरचा घाम मनगटानं पुसला.

"लिही. नलू मून, नाचणगाव. पाचही टप्पे केले. चौथ्यात फाटक लोकायनं लावलं, मी थांबली नोती. पुढच्या वर्षीचा पयला रस्ता समुद्राचा."

जागृतीनं जसं सांगितलं तसं लिहिलं. सवयीनं तिनं ते आधी वासुदेवरावांकडे पाठवलं. ते क्षणात परत आलं. एकही अक्षर बदललं नव्हतं, फक्त शेवटी एक वाक्य वाढवलं होतं.

'हा दावा आहे, आणि तो राहणार.'